बोगद्याच्या तोंडाशी

अण्णा गेल्याचा निरोप पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्याच्या कारखान्यातून आला, तेव्हा आमचा अबोला चालू होता. तीन दिवसांचा, आणि तोही मीच धरलेला. लेथवर काम करता करता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं... पाच आठवडे झाले, माझं कशातच लक्ष लागत नाही. पुस्तक उघडते, मिटते, उठून दारापर्यंत जाऊन येते.

माझा हा थोरला भाऊ एका जागी कधी बसलाच नाही. जेवतानासुद्धा मांडी हलायची. आई अर्ध्या कानडीत म्हणायची, "स्वल्प दम धर रे, जरासा." ऐकेल तर शपथ. शनिवारी संध्याकाळी तो मला राजाजीनगरातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात न्यायचा. नवे, चकचकीत गेम सोडून आम्ही कोपऱ्यातल्या जुनाट मशिनलाच चिकटायचो. त्यात एक विमान चालवायचं. आधी लांबलचक डोंगररांग, मग अरुंद बोगदा, आणि बोगद्यात भलेभले आपटायचे. डोंगर मी पार करायचे. बोगद्याचं तोंड दिसलं की अण्णा म्हणायचा, "सरक," आणि हँडल घ्यायचा. विमान सुखरूप बाहेर! शाबासकी अर्थात त्यालाच, आणि माझा नुसता जळफळाट.

त्या शेवटच्या शनिवारी मी सरकलेच नाही. म्हटलं, "हात काढ, अण्णा. एकदा तरी माझं मला खेळू दे."

"सरी, खेळ तू," असं कानडीमिश्रित बोलून तो मागे झाला. पहिल्याच वळणावर विमान भिंतीवर आदळलं. तो हसला, आणि मी एकटीच तरातरा घरी निघून आले. एवढ्याशा गोष्टीवरून... आता लाज वाटते.

तेराव्यानंतर ऑफिस सुटलं की मी रोज तिथे जाऊ लागले. बोगदा एकटीनं पार करायचाच, हा हट्ट. परवा दुकानाचे मालक जवळ येऊन कन्नडात म्हणाले, "अक्का, तुमचे अण्णा अधूनमधून एकटेही यायचे. पण बोगद्यापर्यंत कधी पोचलेच नाहीत. डोंगरांतच वैतागून आपटायचे."

इतकी वर्षं वाटायचं, खेळ त्याचा, मी नुसती हमाल. माझ्याशिवाय त्याला बोगदा दिसतच नव्हता, हे त्यानं कधी सांगितलं नाही, आणि मी त्याला हात काढायला सांगितला.

काल पुन्हा खेळले. डोंगर संपले, बोगद्याचं तोंड आलं, आणि माझा हात हँडलवरून आपोआप सुटला. मी एक पाऊल सरकून त्याच्यासाठी जागा केली होती.