पाणी निवळेपर्यंत

परळला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानाबाहेर हल्ली सोनेरी माशांच्या पिशव्या टांगलेल्या असतात. पाण्याने तट्ट फुगलेल्या, वर रबराने गळा आवळलेल्या. सकाळचं तिरपं ऊन त्यांच्यातून आरपार जातं आणि मागच्या मळकट भिंतीवर नारिंगी कवडसे हलत राहतात. कामावर निघालेली माणसं बघतही नाहीत. मी मात्र उगाच घुटमळते, आणि मला ती थंडी आठवते. थंडी म्हणजे आपली मुंबईची, पहाटे पंखा बंद करण्यापुरती. त्या दिवसांत ऑफिसातून घरी फोन केला की मी आईच्या आधी माशांची तब्येत विचारत असे.

आई परिचारिका होती. तिची उमेदीची सगळी वर्षं इथल्याच एका रुग्णालयात खर्ची पडली. अजूनही भाजी बाजारात कुणीतरी मागून ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतं आणि ती वळून बघते. निवृत्त झाल्यावर आता ही आराम करेल, गावी भावाकडे जाऊन येईल, असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती बसलीच. विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच बोलायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे ती गप्प झाली की सगळं घरच गप्प व्हायचं. माणूस डोळ्यांदेखत ओसरत जातं म्हणजे काय, ते मी त्या महिन्यांत पाहिलं.

अशात शेजारचं बिऱ्हाड डोंबिवलीला गेलं आणि जाताना काचेची एक लहानशी टाकी आमच्याकडे ठेवून गेलं. चार दिवस सांभाळा, नंतर नेतो म्हणाले. ते काही परत आले नाहीत. टाकीत चार सोनेरी मासे. पहिले काही दिवस आईने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका संध्याकाळी मी चप्पल काढत असतानाच ती म्हणाली, “तो पांढऱ्या शेपटीचा आज जेवला नाही गो.” कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं अख्खं वाक्य. मी तिथेच, एक चप्पल पायात तशीच ठेवून, उभी राहिले.

मासे मोठे झाले आणि टाकी अपुरी पडू लागली. ते वर येऊन तोंडं उघडून हवा गिळत. एक दिवस त्यांतला एक गेला. आईने त्याला कागदात गुंडाळून खालच्या तगरीच्या मुळाशी पुरलं आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसली. तेव्हा मात्र मी घाबरले. त्याच आठवड्यात मोठी टाकी घेऊन आले.

माटुंग्याच्या माझ्या एका मैत्रिणीकडे कितीतरी वर्षं मासे आहेत. तिने फोनवर बजावलं होतं की जुन्या फिल्टरमधला स्पंज तसाच नव्या टाकीत घाल. त्यावरचा तपकिरी गाळ म्हणजे जिवंत जंतू. माशांच्या मलमूत्राने पाण्यात विष तयार होतं, ते हे जंतू खातात. नव्या स्वच्छ टाकीत ते नसतात, म्हणून त्या स्वच्छ पाण्यातच मासे मरतात. हे सगळं मी आईला सांगितलं, आणि तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रविवारी बघते तर गॅसवर पातेलं चढवलेलं आणि ती चिमट्यात तो बुळबुळीत स्पंज धरून पाणी उकळायची वाट बघत उभी. आयुष्यभर तिने जंतू मारले होते. सुया, कात्र्या, चादरी, स्वतःचे हात, सगळं उकळत्या पाण्यातून आणि औषधातून काढलं होतं. माझं बोलणं तिला कसं पटावं?

मी मैत्रिणीला फोन लावून तिच्या हातात दिला. आईने तिची उलटतपासणीच घेतली. हे जंतू कोरडे पडले तर जगतात का, नळाच्या पाण्याने मरतात का, नव्या जागी रुळायला वेळ किती लागतो. डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी ऐकू यायचा तो तिचा आवाज मला ओळखीचा होता, फक्त फार दिवसांनी कानावर पडत होता. फोन ठेवून तिने गॅस बंद केला. म्हणाली, “वॉर्ड बदलताना पेशंटला एकटं पाठवत नाहीत. बरोबर माहितीचं माणूस देतात.”

पुढचं सगळं तिनेच केलं. जुनं पाणी बादलीत काढून स्पंज त्यात बुडवून ठेवला, आणि थोडं एका मोठ्या पातेल्यात घेऊन मासे त्यात ठेवले. जुने खडे न धुता नव्या टाकीच्या तळाशी पसरले. नळाचं पाणी आदल्या दिवशीच भरून त्यात क्लोरीन घालवणाऱ्या औषधाचे थेंब टाकलेले होते. त्यातलं पेल्या-पेल्याने ती माशांच्या पातेल्यात घालत राहिली, त्यांना सवय व्हावी म्हणून. अखेर जाळीने एकेकाला नव्या पाण्यात सोडलं. जाळी धरलेला तिचा हात जराही हलला नाही.

तरी पाणी गढुळलं. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या धुवणासारखं दिसू लागलं. मासे पर मिटून तळाशी बसले. मैत्रीण म्हणत होती, धीर धरा, जंतू रुळतायत, खाणं कमी घाला, थोडंथोडं पाणी बदला. आई तसंच करायची आणि टाकीसमोर स्टूल टाकून बसायची. मी फोर्टला ऑफिसात बसून देवाजवळ तीन माशांचं आयुष्य मागत होते, आणि खरं तर कुणाचं मागत होते ते मला ठाऊक होतं.

मग एका दुपारी तिचाच फोन आला. “तिघंही वर आलेत. पाणी निवळलंय. जेवले.” आणि लगेच, “येताना मेथी आण, जून नको.” मी फोन ठेवला आणि एकटीच हसत सुटले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा म्हटलं, घरी सगळे बरे आहेत. छातीवर इतके महिने काहीतरी ठेवलेलं होतं, हे ते उतरल्यावरच कळलं.

आता आई पुष्कळ बोलते, कधीकधी जरा जास्तच. यंदा भावाकडे गावी जाऊन राहून आली, मासे माझ्यावर सोपवून, सूचनांसह. ती खिडकीतल्या खुर्चीतून नेमकी कधी उठली, हे मी आठवून पाहते तेव्हा तसा एखादा दिवस काही सापडत नाही. काळजीचे दिवस मनात एकेक सुटे, लख्ख राहतात. बरे दिवस मात्र कधी सुरू झाले ते कळत नाही. आपण ऑफिसात असतो, भांडी लावत असतो, आणि मागे कुठेतरी पाणी आपलं आपण निवळत असतं.