पठारावरून खाली

१४ मे. सकाळी कूलरचं जुनं गवत काढून नवीन भरत होते. लातूर सोडून नांदेडला येऊन आम्हाला तीनच आठवडे झाले होते. सासरे यायला तयार नव्हते, त्यांना मीच आणलं.

"अप्पा, नांदेड लातूरच्या उत्तरेला, त्यात गंगेचा काठ. तिथं जरा गारच वाटेल," असं सांगून. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.

अंघोळ आणि गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही, हा अप्पांचा नेम. लातूरला ते सकाळी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ओळखीच्या आडत्यांकडे चक्कर मारून अकराला परतत, मग अंघोळ, पूजा, आणि मग पाणी. कित्येक उन्हाळे असेच गेले. त्यामुळे इथला मोंढा बघायला ते सातला बाहेर पडले, तेव्हा मी गवतातून मानही वर काढली नाही.

अकराला फाटक वाजलं. अप्पा फाटकाला धरून उभे होते. मला त्यांची आई समजून म्हणाले, "आई, आलो गं." आणि कोसळले.

अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. तांब्या ओठांना लावला तर दात घट्ट आवळलेले. "पूजा राहिली," ते दातांतूनच पुटपुटले. मी कूलरची बादली त्यांच्या अंगावर ओतली आणि शेजाऱ्यांची ऑटो बोलावली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, बर्फाच्या पिशव्या काखेत ठेवल्या आणि मग माझ्याकडे वळल्या.

"कुठले तुम्ही?"

"लातूरचे."

"तरीच. लातूर वर बालाघाटच्या पठारावर, आपण खाली नदीच्या खोऱ्यात. इथं रात्री भिंतीसुद्धा निवत न्हाईत. तुम्ही काय करता?"

"शाळेत शिकवते."

"काय शिकवता?"

"भूगोल."

त्या हसल्या नाहीत. "अर्धा तास उशीर केला असता, तर मी तुमच्याशी असं बोलत बसले नसते."

मी बाकावर बसले. हातांना अजून गवताची कुसं चिकटलेली होती. अक्षांश, समुद्रापासूनचं अंतर, समुद्रसपाटीपासूनची उंची, हे सगळं दरवर्षी मुलांकडून घोकून घेते. या दिवसांत लातूर काय आणि नांदेड काय, दुपारचा सूर्य दोन्हीकडे डोक्यावरच. थोडं उत्तरेला सरकल्यानं काही गार होत नाही. खाली उतरल्यावर मात्र तापतं. चूक उत्तराला मी लाल शाईनं फुली मारते, आणि तेच उत्तर एका म्हाताऱ्या माणसाला देऊन त्याला बसमध्ये बसवलं होतं.

संध्याकाळी अप्पा शुद्धीवर आले. सलाईनकडे बघत म्हणाले, "हे पाणीच की. नेम मोडला का?"

"हातातून जातंय, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोंडातून न्हाई."

"मंग पूजा होईस्तोर तोंडातून न्हाईच."

"अप्पा, उद्यापासून पूजेची वेळ मी ठरवणार," मी म्हणाले.

"तू? उत्तरेला गार असतंय म्हणणारी?"



दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला विभूती, बेल आणि तांब्या घेऊन दवाखान्यात गेले. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं आणि सुई डाव्याच हातात होती. सिस्टरला सांगून ती उजव्या हातात घ्यायला लावली. ओल्या फडक्यानं अप्पांचं अंग पुसलं, कपाळाला विभूती लावली. उजवा हात हलवायचा नव्हता म्हणून बेल मी वाहिला. ऊन पडायच्या आत पूजा आटोपली आणि मी त्यांच्या तोंडाला तांब्या लावला.