शुक्रवारची पट्टी

आमच्या गल्लीतल्या रेडिओवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कॅसेटच्या त्या जमान्यात तो कागदी पडदा नसलेले स्पीकर बनवायचा. दोन चुंबकांच्या मधे वर्खासारखी पातळ, चुण्या पाडलेली ॲल्युमिनियमची पट्टी, एवढाच काय तो स्पीकर. ती फुंकरीनंही फाटायची, म्हणून तो तोंडाला रुमाल बांधूनच बसायचा. पट्टी टांगायचा फक्त शुक्रवारी, कारण शुक्रवारी आमच्या भिवंडीचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात आणि जमीन हादरत नाही.

अशाच एका शुक्रवारी मी शाळेतला शेवटचा तास शिकवून घाईघाईनं त्याच्याकडे गेलो. टेबलावरच्या पट्टीला अजून वायरही जोडलेली नव्हती, तरी ती ठेक्यात थरथरत होती.

"आज तर लूम बंद आहेत," मी म्हणालो.

"लूम न्हाय मास्तर, तुमचं काळीज हाय," तो रुमालाआडून म्हणाला. "धावत आलाव ना."

मी छातीवर हात ठेवून पाहिलं. ठेका तोच होता.

पुढे तो वारला आणि दुकानाला कुलूप लागलं. मी विज्ञान शिकवतो, असल्या गोष्टी मानत नाही. तरी एका शुक्रवारी काचेतून आत डोकावलो. पट्टी हलत होती. माझं काळीज तर धडधडत होतं. ती मात्र हलत होती दुसऱ्याच, संथ ठेक्यात, आत कुणी निवांत बसल्यासारखी.