डबल ई

माझी वहिनी कामावर झोपली नव्हती. पडली होती. २०१७ साली हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं, की पुढे पुढे समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मी त्याच्यावर चिडलेली असायचे.

वहिनी तलासरीकडच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला होती. नरपडहून रोज सकाळी कंपनीच्या गाडीने जायची. मशीनमधून तेल गळतंय, असं ती आणि बाकीच्या बायका आठवडाभर सांगत होत्या. कोणी ढुंकून पाहिलं नाही. एका सकाळी चहाच्या सुट्टीआधी त्याच तेलावरून तिचा पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. सुपरवायझरने रिपोर्ट लिहिला, तोही इंग्रजीत, कारण वरच्या साहेबांना मराठी कागद चालत नाही. आठ दिवसांनी घरी पत्र आलं. कामाच्या वेळेत झोपल्याबद्दल तिला कामावरून काढलं होतं.

मला वाटलं, दुसऱ्या कोणाचं पत्र चुकून आपल्याकडे आलं. मी जाऊन रिपोर्टची प्रत मिळवली. ‘वर्कर स्लीप नियर मशीन.’ एस, एल, डबल ई, पी. आपल्याकडे पाय स्लिप होतो, गाडी स्लिप होते, बोलताना कोणाचं काही अडत नाही. कागदावर मात्र बाई झोपते. आणि त्याच्या खालच्याच ओळीत लिहिलेलं, पाय फ्रॅक्चर, हॉस्पिटलला पाठवलं. हाड मोडेपर्यंत गाढ झोपणारी बाई त्या साहेबांनी कुठे पाहिली होती, देव जाणे. त्यांनी दुसरी ओळ वाचलीच नसणार.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. मासळी घेताना एकीने मला हसून विचारलं, “झोपायचा पगार मिळत होता का गो तिला?” बारावी झालेल्या एकाने तर त्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ काढून नाक्यावर डोळा मारला. वहिनी प्लॅस्टरचा पाय स्टुलावर ठेवून घरात बसलेली, आणि तिला सगळं ऐकू येत होतं. “ताई, नोकरी जाऊ दे,” ती एकदा म्हणाली, “पण झोपली असं नको.” नोकरी जाऊ दे, हे ती खोटं बोलत होती. घरात नियमित पगार तिचाच यायचा.

मी डहाणूच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ‘स्लीप’ हा शब्द माझा लाडका. इंग्रजांचा पाय झोपतो, आपल्या पायाला मुंग्या येतात, असं सांगितलं की वर्ग हसतो. ते आजारी कुत्र्याला झोपवतात म्हणजे मारतात. आपल्याकडे वाऱ्याने भात झोपतो, गिऱ्हाईक नसलं की धंदा झोपतो. तर एवढी हुशारी गाठीला बांधून मी साहेबांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, “मॅडम, लेट मी स्लीप ऑन इट.” म्हणजे रात्रभर विचार करून सांगतो. तीन आठवडे त्यांची रात्र संपली नाही. कामावर झोपतं कोण, हे कोणीतरी त्यांच्याही रिपोर्टात लिहायला हवं होतं.

शेवटी मी सुपरवायझरलाच घरी बोलावलं. दारात मान खाली घालून उभा राहिला तेव्हा ओळखलं. माझाच जुना विद्यार्थी. माझा पारा चढला. मी त्याला उभ्या उभ्या झापलं. तो हळूच म्हणाला, “मॅडम, तुम्हीच सांगितलेलं ना, स्लिप आणि स्लीप, ऐकायला दोन्ही सारखेच, अर्थ वाक्यावरून लागतो.”

सांगितलं होतं. पोर्शन उरला होता, घंटा व्हायला आली होती, कोणीतरी फरक विचारला आणि मी तेवढ्यावर उडवून लावलं. त्याच्यावरचा राग कुठे ठेवू ते मला कळेना. तो माझ्याच अंगावर आला आणि अजून गेलेला नाही.

मी त्याला कागद दिला आणि दुरुस्तीचा रिपोर्ट लिहायला लावला. त्या कागदाचं काय झालं ते आधीच सांगते. साहेबांनी तो घेतला, चूक मान्य केली आणि तिच्या जागेवर दुसरी बाई घेतल्याचं कळवलं. पण त्या दुपारी आम्हाला आशा होती. मी एकेक शब्द सांगत होते, तो लिहीत होता. त्याच शब्दापाशी येऊन त्याचं पेन थांबलं.

“मॅडम, एक ई की दोन?”

चौथीत शाळा सुटलेली माझी वहिनी स्टुलावरचा पाय न हलवता म्हणाली, “एक पण नाय. आय लिही.”