तुटक्या कानाची मेंढी

सृष्टी पहिल्यांदा क्लासला आली, त्या दिवशी आयटी पार्ककडे जाणारा माणचा रस्ता पाऊण तास बंद होता आणि निम्म्या जगाचं सॉफ्टवेअर अडून पडलं होतं. तिचे वडील बहिरू तिचं नाव घालायला आले ते तीनशे मेंढरं घेऊनच. मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडणार? हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटरवर फोटो सुधारायला शिकवणाऱ्या जनार्दन सरांनी खिडकीतून पाहिलं, तर कंपन्यांच्या बसगाड्या लोकरीत रुतलेल्या.

"फोटू नीट करनारं सर तुमीच का?" बहिरूने जिन्यातूनच विचारलं. "पोरगी बारावी झालीया. दिवाळी झाली की आमी कोकणात उतरनार. तवर हिच्यात काय दम दिसला, तर ठिवतो मागं मावशीकडं. न्हाईतर चालली कळपासंगं."

सरांनी मान हलवली. बोलायचा त्यांना कंटाळा होता. अकरा वर्षं ते रोज "आधी सेव्ह करा" म्हणत होते आणि रोज कुणीतरी सेव्ह न करता कॉम्प्युटर बंद करत होतं. पोरांना दोनच गोष्टी शिकायच्या असत: स्वतःचं तोंड गोरं करणं आणि ते फ्लेक्सवर पुढाऱ्याशेजारी चिकटवणं. एकाने साहेबांचा हात आपल्या खांद्यावर आणला, तेव्हा साहेबांना एकूण तीन हात झाले. फ्लेक्स चौकात महिनाभर होता. कुणी मोजले नाहीत.

सृष्टीला मात्र काही दोनदा सांगावं लागत नसे. सरांच्या घशाला अकरा वर्षांत प्रथमच सुट्टी मिळाली. ही गेली तर पुन्हा तीन हात, या विचाराने ते बसल्या जागी आणखी दमत.

परीक्षेसाठी तिने आपल्याच कळपाचा फोटो घेतला. मागच्या काचेच्या इमारती पुसून तिथे डोंगर आणला. पुढे माळ मोकळा राहिला.

"तिथे चार मेंढ्या कॉपी करून टाक," सर म्हणाले. "कुणाला कळतंय?"

तिने टाकल्या. मग तिचं काम दाखवायला त्यांनी बहिरूला बोलावलं. पडद्यावरचं एकेक मेंढरू बहिरू बोट लावून पाहत गेला.

"ही तुटक्या कानाची हितं हाय. तितं बी हीच. आन् त्या कडंला बी हीच."

"अहो, ती भरायला..."

"सर, मेंढरू हरवलं तर मला कळतंय. वाढलं तर कळनार न्हाई व्हय?"

"चूक माझी," सर घाईघाईने म्हणाले. "मीच सांगितलं तिला. दोन दिवस द्या."

दोन दिवसांत सृष्टीने मोबाइलमधल्या जुन्या फोटोंतून चार वेगवेगळ्या मेंढ्या आणून बसवल्या. बहिरूने पुन्हा एकेक पाहिली. एकीपाशी थांबला.

"ही तर गेल्या साली वाघरानं नेली."

"व्हय, पर आपलीच हाय न्हवं?" सृष्टी म्हणाली.

बहिरू पहिल्यांदाच हसला. "लई बारीक नजर हाय पोरीची. आन् मागच्या बिल्डिंगी कुटं गेल्या?"

"काढल्या," सर म्हणाले.

"खऱ्या बी निघत्यात का?"

"ते अजून अभ्यासक्रमात नाही."

सरांनी हळूच विचारलं, "मग ठेवताय ना मागं?"

"ही नजर? मागं?" बहिरू म्हणाला. "अवो, अशी नजर कळपात पायजे."

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी कळप ताम्हिणी घाट उतरला. परीक्षेच्या हजेरीपटावर सृष्टीच्या नावापुढे 'गैरहजर' असं लिहिलं आहे.