जांभईचे गुरुजी

पोरांनी मास्तरांच्या तोंडावर जांभई द्यावी म्हणून जीव टाकणारा शिक्षक साऱ्या परंडा तालुक्यात एकच होता, आणि नेमका तोच माझ्या नशिबी आला. मी आमच्या भावकीतला पहिला बी.ए. झालेला. शाळेत रुजू झालो त्या दिवशी ह्याच थोरल्या गुरुजींनी मला पोरांच्या लेखनमंडळावर नेमलं. या मंडळाचं दर साली एक हस्तलिखित निघायचं. शनिवारी लेख वाचायचे, आणि ऐकताना मन उडालं की खुशाल जांभई द्यायची, हा गुरुजींचा कायदा. खोटी जांभई दिली तर उठाबशा. वर नव्या मास्तरानं आपला लेख आधी वाचायचा. मी पहाटेचं वर्णन वाचलं. दुसऱ्याच ओळीला अकरा जांभया आल्या. गुरुजी खूश! म्हणाले, "बीएसाहेब, ह्यात तुमी कुठंच न्हाय. नुसती डिग्री बोलायलीय." तीन वर्षं ते माझ्या वर्गात मागच्या बाकावर पोरांत दाटीवाटीनं बसले. पोराच्या लेखावर मी लाल पेन उचलला की तिथूनच खाकरायचे, "आधी इचारा त्याला, काय सांगायचंय!"

स्वतः गुरुजी निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले. मराठी लिहायला लागले तेव्हा चाळिशी उलटलेली. सवड मिळाली की परंड्याच्या किल्ल्यात जाऊन बसायचे. दर साली त्या किल्ल्यावर लेख लिहायचे, दर साली पोरं जांभया द्यायची आणि लेख बाद व्हायचा. निवृत्तीच्या वर्षी मात्र हळूच म्हणाले, "औंदा तरी अंकात यावं, असं लई वाटतंय."

शुक्रवारी मी पोरांना दम दिला, "उद्या गुरुजींच्या लेखाला कुणी तोंड उघडायचं न्हाय."

शनिवारी गुरुजी वाचू लागले. पोरं ओठ घट्ट मिटून बसलेली. अर्ध्या पानावर ते थांबले, चष्म्यावरून सगळ्यांकडं बघितलं. "कुणी बंद केली रे जांभई?"

मी उभा राहिलो. "मी, गुरुजी."

"तीन वर्षांची मेहनत पाण्यात घातलीत, बीएसाहेब. आज ह्यांनी माझ्यासाठी खोटं बोलायचं, उद्या तुमच्यासाठी." आणि त्यांनी लेख पहिल्यापासून पुन्हा सुरू केला.

पोरं लेखाकडं नाही, माझ्याकडं बघत होती. तोफेची लांबी, तोफेची रुंदी, तोफेचं वजन... मला खरंच आली. मी दाबली नाही. मग चाळीस तोंडं एकदम उघडली.

पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, तोफ लई झाली. तुमी किल्ल्यात कशापायी जाता, ते सांगाच की."

गुरुजी खो खो हसले. "हे हिला कुणी शिकवलं?"

"सरांनी," तिनं माझ्याकडं बोट केलं.

त्यांनी कागदाची घडी केली, कोटाच्या खिशात घातली आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "आता मी गेलो तरी चालतंय."

तो अंक माझ्याकडं आहे. पहिल्या पानावर, जिथं इतकी वर्षं संपादक म्हणून त्यांचं नाव असायचं, तिथं त्यांनी आपल्या हातानं माझं लिहिलंय. आत मात्र ते कुठंच नाहीत. किल्ल्यात ते कशापायी जायचे, हे विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.