साहेबांचं पोट

कमलताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका माजी मंत्र्यांच्या पोटावर बसल्या होत्या. मंत्री संगमरवराचे होते आणि शेडमध्ये आडवे ठेवलेले होते. "थांबा जरा," छिन्नी न थांबवता त्या म्हणाल्या, "साहेबांचं नाक चाललंय. हात हलला तर मेल्यावर नकटे व्हायचे."

मी समाधी समितीचा चिटणीस. साहेब मूळचे इंजिनियर. सायखेड्याकडे त्यांनी कालवे काढले, मग मंत्री झाले. त्यांच्या समाधीवर बसवायच्या मूर्तीचं काम इंदिरानगरच्या कमलताईंकडे होतं. साठीच्या बाई, दगडाच्या भुकटीनं भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या. देवांनाही दटावायच्या. "नीट बस की रे," असं गणपतीला म्हणताना मी ऐकलंय.

काम अर्ध्यावर आलं तेव्हा समितीचे अध्यक्ष पाहायला आले. त्यांचं म्हणणं, पोट कमी करा, चष्मा काढा, डोळ्यांत दूरदृष्टी दिसू द्या.

"दूरदृष्टी दगडात येत नाय, अध्यक्ष. चष्मा येतो."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"मेलेल्या माणसाला आता कुठं मतं मागायची हायेत?"

अध्यक्ष तापले. काम बाहेरच्या कारागिराला देतो म्हणाले आणि निघून गेले. मी ताईंना म्हटलं, थोडं तासून टाका, वाद कशाला?

"माझा बाप साहेबांच्या कालव्यावर गवंडी होता," त्या म्हणाल्या. "एकदा उतार चुकला. सगळे बापावर घसरले. साहेबांनी नकाशा पाहिला आणि सगळ्या मजुरांसमोर सांगितलं, चूक माझी आहे. ज्यानं चूक लपवली नाय, त्याचं पोट मी लपवू?" मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्हाला पटतंय, पण तोंड उघडत नाय. तुमच्यापेक्षा हा दगड बरा. ठोकला की आवाज तरी करतो."

ते मला चांगलंच लागलं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या पत्नीला, माईंना, शेडवर घेऊन गेलो. अध्यक्षांनाही बोलावलं. माईंनी मूर्तीच्या गालावरून हात फिरवला, चष्म्यापाशी थांबल्या, डोळे पुसले. मग पोटावर हात ठेवून हसल्या. "हे माझ्या हातच्या जेवणाचं आहे. यातलं तसूभरही काढायचं नाही."

अनावरणाच्या भाषणात अध्यक्ष म्हणाले, "साहेब जसे होते तसेच दिसावेत, हा माझाच आग्रह होता." पहिल्या रांगेतून कमलताई मोठ्यानं खोकल्या.

तो खोकला पुढे कधी थांबलाच नाही. इतक्या वर्षांची भुकटी छातीत साठली होती. गेल्या वर्षी त्या गेल्या. शोकसभेत अध्यक्षांनी सांगितलं की ताई अत्यंत नम्र आणि मितभाषी होत्या.

मी उभा राहिलो. अध्यक्षांचं बोलणं मध्येच तोडण्याची माझी ही पहिलीच वेळ. "माफ करा," मी म्हणालो, "कमलताई नम्रही नव्हत्या आणि मितभाषीही नव्हत्या. तुम्हाला आणि मला त्या काय म्हणायच्या, ते मी सांगतो."

हशा पिकला. ताईंची लेक तोंडाला पदर लावून हसता हसता रडायला लागली. अध्यक्ष खाली बसले. मला बरंच सांगायचं होतं.